पणजीत एकच संध्याकाळ: ताव्हेर्न की कॉकटेल बार?

मार्च ते मे या दिवसांत पणजीला जात असाल आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर डोळे झाकून ताव्हेर्न, म्हणजे गोव्यातलं साधंसुधं दारूचं दुकान, जिथे बसून पितात. इतर वेळी जाणार असाल, तर मात्र थोडा विचार करावा लागेल.

याचं कारण हुर्राक. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टीवर गाळला की हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. हुर्राकात अल्कोहोल साधारण 15 टक्के, फेणीत 42च्या आसपास. फेणी वर्षानुवर्षं राहते, हुर्राक फार टिकत नाही. त्यामुळे तो मोसमात, तिथेच जाऊन प्यायचा. ताव्हेर्नमध्ये तो साध्या काचेच्या ग्लासात येतो: लिंबाची फोड पिळलेली, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. मिरची पहिल्या घोटाला कळतही नाही. तिसऱ्या घोटाला कान गरम होतात.

मेनूकार्ड वगैरे विसरा. ‘खावपाक कितें आसा?’ असं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते घ्यायचं. चणे, उकडलेलं अंडं, नशीब जोरावर असेल तर तळलेला बांगडा. पोटभर जेवण होत नाही, पण बाहेर पडून गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं की काम झालं. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचा, रस्सा ओतलेला, सोबत पाव. माझ्या मते हेच पणजीतलं सगळ्यात चांगलं रात्रीचं जेवण, पण हा आवडीचा प्रश्न.

एक अडचण आधीच सांगतो. बऱ्याच ताव्हेर्नमध्ये नेहमीचेच पुरुष बसलेले असतात. मैत्रिणीला पहिल्यांदा घेऊन गेलो तेव्हा आतल्या पाचही माना वळल्या. मग मालकाने उठून स्वतःची खुर्ची तिला दिली आणि माना परत आपापल्या ग्लासांकडे गेल्या. पण प्रत्येकीला हे चालेलच असं नाही.

कॉकटेल बारमध्ये हा प्रश्न नाही. पंखा आहे, टेबल आहे, निवांत जेवता येतं. फेणीच्या वासानेच नाक मुरडणारा कुणी सोबत असेल तर इथेच न्या. कोकम, आलं, लिंबू यांच्या संगतीत ती बरीच माणसाळते. मात्र खिसा सांभाळा: एक ग्लास सहसा 500 रुपयांच्या पुढे. आणि फेणीच्या नावाखाली नुसता साखरेचा पाक पाजणारेही भेटतात. एका ठिकाणी मी वेटरला विचारलं, ‘यात फेणी आहे ना?’ तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘थोडी.’ तेव्हापासून मी आधी 30 मिली फेणी नुसती मागवतो, चव घेतो, मग कॉकटेल सांगतो. चांगला बारटेंडर याने खूशच होतो.

नावाजलेला बारच हवा असेल तर बेताळभाटीचा टेसोरो. 2022 साली आशियातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत तो चौथा होता. पण तो मडगावच्या बाजूला. पणजीहून जाऊन-येऊन संध्याकाळ त्यातच जाते, शिवाय गाडी चालवणाऱ्या एकाला कोरडं बसवावं लागतं. मुक्काम दक्षिण गोव्यात असेल तरच.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर फोंताइन्यास या पणजीतल्या जुन्या वस्तीतला जोसेफ बार. फेणी आणि कोकमाचं ‘तांबडे रोझा’ तिथे मागवा. जागा इतकी चिंचोळी की गर्दी झाली की माणसं ग्लास घेऊन बाहेर रस्त्यावरच उभी राहतात. अंधार पडायच्या आत पोचलात तर आत टेकायला मिळेल. परतताना पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला, पकडा. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.