फँड्री की सैराट? घरी एकच लावायचा असेल तर

दोन्ही नागराज मंजुळेंचे, दोघांतली मुख्य पोरं आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली. दोन्ही सिनेमे टीव्हीवर येता-जाता अर्धेमुर्धे सगळ्यांनीच पाहिलेले असतात, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच, की सुट्टीला घर भरलंय, आठवी-नववीची पोरं आहेत, पुण्याहून पाहुणे आलेत आणि संध्याकाळ एकच मोकळी आहे. काय लावायचं? माझ्या घरी दोन्ही लावून झालेत.

सैराटचं पारडं आधीच जड असतं. 2016 च्या उन्हाळ्यात थेटरात 'झिंगाट' लागलं की लोक खुर्च्या सोडून नाचले, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा सिनेमा नुसता आवडत नाही, तो त्यांचा असतो. रिंकू राजगुरू अकलूजची. तिची आर्ची ट्रॅक्टरवर बसून बोलते तेव्हा आपल्याकडच्या बायकांना ती लगेच ओळखीची वाटते. उसाची, केळीची रानं, विहीर, बुलेट, सगळं डोळ्यांना सुखावणारं.

पण माझ्या मते खरा सैराट आर्ची-परश्या पळून हैदराबादला जातात तिथं सुरू होतो. पुण्याचे पाहुणे म्हणतात, तिथं सिनेमा रेंगाळतो. सोलापुरात बसून मला तसं वाटत नाही. आपल्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, कुणाची आत्या हैदराबादला, कुणाचा भाऊ तिकडं कामाला. परक्या गावात खोली मिळवायची, भाषा कळत नाही, डोशाच्या गाडीवर राबायचं, संडासाच्या वासानं जेवण जात नाही, आणि ज्याच्यासाठी घर सोडलं त्याच्याशीच भांडण. प्रेम टिकवायला काय लागतं, ते त्या भागात दिसतं. इतकं बारकाईनं ते मी दुसऱ्या मराठी सिनेमात क्वचितच पाहिलंय.

आणि नेमका तोच भाग घरी कुणी बघत नाही. हेच मला खटकतं. गाणी सगळी पूर्वार्धात. गाणं लागलं की आवाज वाढतो, पोरं उठून नाचतात, मोबाईल बाहेर निघतात. त्यात वाईट काही नाही. पण गाणी संपली की घर पांगतं. कुणी भाकरीचं बघायला उठतं, कुणी अंथरुणं घालायला. सिनेमा जवळपास तीन तासांचा, तोवर रात्र झालेली असते. जे उरतात त्यांना शेवट ठाऊक असतो आणि ते शेजारच्याला कोपरानं ढोसून "आता बघ, आता बघ" सुरू करतात. शेवटच्या क्षणांतला आवाजच मंजुळेंनी काढून घेतलाय. त्या शांततेत आमच्याकडे कुणीतरी हमखास बोललंय. थेटरात अंगावर आलेली ती जागा घरी मला परत मिळाली नाही. तुमच्या घरची माणसं कदाचित वेगळी असतील.

फँड्रीत हा त्रास होत नाही. उठून नाचावं असं काही नाही, लांबीही पावणेदोन तासांच्या आसपास. सुरुवात मात्र संथ आहे, हे कबूल. जब्या काळ्या चिमणीमागं रानोमाळ हिंडतो, घरातली कैकाडी बोली कानाला नवी वाटते, आणि पोरं चुळबुळ करतात. तेवढा वेळ धीर धरा. जब्या झालेला सोमनाथ अवघडे आपल्या करमाळा तालुक्यातला, या कामासाठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो साधारण त्याच वयाचा दिसतो, ज्या वयाची पोरं समोर बसलेली असतात. चांगला शर्ट हवा, वर्गातली शालू बघते का याकडे लक्ष, आणि बापाबरोबर डुकरं धरायला जायची लाज. यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

डुकराचा पाठलाग रंगात आलेला असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निसटत असतानाही. त्या वेळी माझ्या पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं, आपणही उठायचं का म्हणून. नंतर डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेतात, तिथं बाबासाहेबांचं चित्र आहे. तेव्हा त्यानं विचारलं, "काका, हे मुद्दाम दाखवलंय ना?" सैराट बघून त्यानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता. एका पोरावरून सिद्धांत मांडत नाही, पण माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. किशोर कदमांनी उभा केलेला बाप तर बघणाऱ्या बापांनाच जास्त लागतो.

घरात लग्नाची धामधूम असेल, माणसं येत-जात असतील, तर सैराट लावा, गाण्यांपुरता तरी सगळ्यांना आनंद होईल. पोरांसोबत बसून बघायचं असेल तर मी फँड्री लावेन, जेवणं उरकून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि सैराट पूर्ण बघायचाच असेल तर रविवारी दुपारी दोनला सुरू करा, म्हणजे हैदराबाद येईल तेव्हा सगळे जागे असतील.