डर्बीशायरच्या कॅरॅव्हॅनमधून दिसलेला समुद्र

बाबांनी लालबागच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातणाऱ्या थ्रॉसल यंत्रांवर, एकतीस वर्षं काढली. ते लंडनला आमच्याकडे आले, तेव्हा ठरवलं की त्यांना डर्बीशायरमधलं क्रॉमफर्ड दाखवायचं. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्याच्या जोरावर सूतगिरणी सुरू केली ती तिथे. तिथली वॉटर फ्रेम, म्हणजे पाण्यावर चालणारं सूतकताईचं यंत्र, ही बाबांच्या थ्रॉसलची आजीच.

मे महिन्याचा बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, तोंडावर आलेला, हॉटेलांचे भाव आभाळाला भिडलेले. फेसबुकवर क्रॉमफर्डशेजारच्या मॅटलॉकजवळची स्टॅटिक कॅरॅव्हॅन, म्हणजे एका जागी कायम उभी असलेली राहायची गाडी, भाड्याने दिसली. तीन रात्री, ३४० पौंड, वर गॅस-वीज मोफत. इथेच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती. जाहिरात देणारी बाई गोड बोलायची. "अजून दोघं विचारताहेत, पण तुमच्यासोबत वडीलधारे आहेत म्हणून तुम्हाला देते." कार्ड नको, बँकेतच भरा म्हणाली.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने लाल अक्षरांत सांगितलं, खात्यावरचं नाव जुळत नाही. मी विचारलं. "ते माझ्या लग्नाआधीचं नाव आहे." आपल्याकडे बायकांची नावं बदलतातच की! मी 'पुढे जा' दाबलं. तो अंगठा मला अजून आठवतो.

शुक्रवारी संध्याकाळी पावसात साइटवर पोचलो. वॉर्डनने वही उघडलीसुद्धा नाही. "सत्तेचाळीस नंबर? आमच्याकडे कॅरॅव्हॅन लावायच्या चाळीसच जागा आहेत." बाईचा फोन बंद, जाहिरात गायब. मागच्या सीटवर मुलगा जाहिरातीचे फोटो बघत बसला होता. म्हणाला, "आई, खिडकीतून समुद्र दिसतोय." डर्बीशायरला समुद्रच नाही. मी तो निळा पट्टा दहादा पाहिला होता आणि आभाळ समजले होते.

गाडीतूनच १५९ फिरवला. बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी हा नंबर थेट जोडून देतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असे फसवून घेतलेले पैसे बँकांनी परत द्यायचा नियम आहे, पण पहिले १०० पौंड त्या कापू शकतात. आमच्या बँकेने कापले. २४० परत आले, तेही "इशारा दिला होता ना?" हे तीनदा ऐकून घेतल्यावर. क्रेडिट कार्डाने एखाद्या कंपनीकडे बुकिंग केलं असतं, तर किंमत १०० पौंडांहून जास्त असल्याने कार्ड कंपनीही जबाबदार असती. साइटच्या ऑफिसला आधी एक फोन केला असता तर यातलं काहीच झालं नसतं, आणि तो नंबर जाहिरातीत नव्हे, साइटच्या फाटकावरच्या पाटीवर होता.

रात्र एका पबच्या वरच्या खोलीत काढली, चौघं दोन पलंगांवर. सकाळी क्रॉमफर्डला बाबा गिरणीजवळच्या ओढ्याच्या काठी बराच वेळ उभे होते. म्हणाले, "एवढ्याशा पाण्यावर?" मग बेकवेलचं पुडिंग खाल्लं. जास्तच गोड होतं.

परवा तीच कॅरॅव्हॅन पुन्हा दिसली. आता ती कॉट्सवोल्ड्समध्ये आहे, तिथेही समुद्र नाही, चार रात्री ३९० पौंड. खिडकीत समुद्र तसाच. मी तक्रार केली आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा.