शार्पो मीरा बटाटा: पूर्ण हंगाम आणि हिवाळाभराच्या साठवणीनंतरचा अनुभव

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या आमच्या अ‍ॅलॉटमेंटवर (भाज्या लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) गेल्या वर्षी शार्पो मीरा आणि ब्रिटिश क्वीन या दोन जाती शेजारशेजारच्या सऱ्यांत लावल्या. लागवड एप्रिलात, मीराची काढणी सप्टेंबरअखेर, आणि नंतर हिवाळाभर घरात साठवण. आधीच सांगते: फवारणीशिवाय बटाटा पिकवायचा असेल तर मीरा जरूर लावा. पण पिशवीवर ‘करपा प्रतिरोधक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका; करपा म्हणजे पानं काळी पाडून बटाटे कुजवणारा रोग.

जुलैत हवामान खात्याचा करप्याचा इशारा आला. इथला जुना नियम असा, की तापमान १० अंशांच्या वर आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर सलग १२ तास राहिली, की करप्याला पोषक हवा. थोड्याच दिवसांत क्वीनच्या पानांच्या कडेला पाणी भरल्यासारखे काळपट डाग आले. सकाळी दव असताना पान उलटलं, तर डागाच्या काठाने पांढरी लव स्पष्ट दिसत होती. हेच रोगाचे बीजाणू, वाऱ्यावर पुढच्या शेतात जाणारे. सगळा पाला लगेच कापून टाकला. क्वीन लवकर पोसतो, म्हणून खाण्यापुरते बटाटे हाती लागले.

मीरा अगदी त्याच हवेत, हातभर अंतरावर. तिच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके आले आणि तिथेच थांबले. खालच्या बाजूला लव नाही. जंतूने सोडलेली प्रथिनं ओळखून झाड लागण झालेल्या जागेच्या पेशी स्वतःच मारतं, त्याची ही खूण. मीरात अशी ओळख पटवणारी किमान पाच जनुकं सापडली आहेत. जंतूने एक चुकवलं तरी बाकीची जागी असतात, हीच या जातीची खरी ताकद.

मात्र ऑगस्ट सरता सरता मीराच्या तळच्या जुन्या पानांवर मोठे डाग आले, आणि त्यांतल्या काहींवर थोडी लवही होती. करप्याच्या जंतूचे, म्हणजे फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सचे, अनेक वंश फिरत असतात आणि एका जातीवर सगळे सारखे चालत नाहीत. ‘ब्लू १३’ म्हणून ओळखला जाणारा १३_ए२ हा वंश २००४ च्या सुमारास युरोपात दिसला, काही वर्षांत ब्रिटनभर पसरला, आणि तोवर चांगली टिकणारी स्टर्लिंग ही जात त्याच्यापुढे हरली. पुढे हाच वंश दक्षिण भारतात टोमॅटो आणि बटाट्यावरही सापडला. आपल्याकडची १९६८ ची कुफ्री ज्योती ही बटाट्याची जात आधी करप्याला दाद देत नव्हती, तिचाही प्रतिकार पुढे ढासळला. माझ्या सरीत कोणता वंश होता ते डाग बघून कळणार नाही, त्याला डीएनए चाचणीच लागते. तरी एवढं नक्की, की पाला सप्टेंबरपर्यंत हिरवा राहिला आणि काढलेल्या बटाट्यांत कूज जवळजवळ नव्हती.

स्वयंपाकघरात मीरा भरपूर पिठूळ. वड्याचं सारण आणि पराठे उत्तम होतात, उपवासाचा कीसही छान मोकळा होतो. पण रस्सा भाजीत फोडी विरघळतात, आणि साल जाड आहे. साठवणीत मात्र तोड नाही: फेब्रुवारीपर्यंत बटाटे कडक होते आणि कोंब फुटले नव्हते.

तक्रार एकच, वेळ फार घेते. घाई केली तर बटाटे लहान राहतात आणि झाडाचा पसारा मोठा असल्याने अरुंद वाफ्यात शेजारच्या भाज्या दबून जातात.

१८४५ मध्ये करपा आला तेव्हा या देशातल्या गरिबांच्या शेतांत मुख्यतः लंपर ही एकच जात होती, आणि पुढच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. त्या मातीत बटाटा लावताना सगळी सरी एकाच जातीची करायला माझं मन धजत नाही. यंदाही मीराच्या जोडीला लवकर निघणारी दुसरी जात घेतेय. तुम्ही लावाल तेव्हा बेणं प्रमाणित घ्या, गेल्या वर्षीच्या राहिलेल्या बटाट्यांतून आपोआप उगवलेली झाडं उपटून टाका, आणि जुलैपासून आठवड्यातून दोनदा तळची पानं उलटून बघा.