टिएरा की अविडा? कृत्रिम जीवसृष्टी रचण्याआधी

कृत्रिम जीवसृष्टीचं सिम्युलेशन लिहायला घेताय, तर आधी एक गोष्ट पक्की करा: सगळ्या जीवांना, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमना, एकच मेमरी द्यायची की प्रत्येकाला स्वतंत्र? पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

पर्यावरणशास्त्रज्ञ टॉम रे यांनी १९९०च्या सुमारास लिहिलेल्या ‘टिएरा’ या सिम्युलेशनमध्ये मेमरी सामायिक आहे. दुसऱ्याच्या जागेत लिहिता येत नाही, पण तिथला कोड वाचता येतो, चालवताही येतो. सुरुवातीला ८० सूचनांचा, स्वतःची नक्कल करणारा एकच प्रोग्रॅम सोडला होता. म्युटेशन होता होता ४५ सूचनांचे परजीवी निघाले. नक्कल करायचा भाग त्यांच्यात नव्हताच; शेजाऱ्याचा कोड चालवून ते आपली संतती वाढवत. मग त्यांना दाद न देणारे यजमानही आले. यातलं काहीच कुणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि मला टिएरा आवडतं ते यासाठीच. त्यातली एक युक्ती तर जरूर उचला: कोडमधल्या कुठल्या सूचनेवर उडी मारायची ते आकड्याने सांगायचं नाही, जवळचा पूरक नमुना (०च्या जागी १, १च्या जागी ०) शोधायचा. नाहीतर एखादी सूचना मधे घुसली की सगळे पत्ते चुकतात.

१९९३मध्ये कॅलटेक या अमेरिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या ‘अविडा’त प्रत्येक जीवाला आपली मेमरी, आपला आभासी प्रोसेसर. बिटांवरची तर्कक्रिया (‘आणि’, ‘किंवा’सारखी) जमली की बक्षीस म्हणून प्रोसेसरचा जादा वेळ. टिएरातल्यासारखे परजीवी इथे आपसूक उगवत नाहीत, त्यांची वेगळी सोय करावी लागते. पण प्रश्न नेमका विचारता येतो. २००३मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अविडावरच्या प्रयोगात दोन संख्यांचे बिट जुळतात का हे तपासणारी अवघड क्रिया ५०पैकी २३ समूहांत उत्क्रांत झाली. सोप्या क्रियांची बक्षिसं काढून टाकल्यावर ५०पैकी एकाही समूहात नाही!

पडद्यावर पोहणारे, चालणारे देह हवे असतील तर संगणक-ग्राफिक्स कलाकार कार्ल सिम्स यांची १९९४ची वाट आहे. तिथे निवडीचा निकष तुम्ही देता आणि भौतिकीतली प्रत्येक फट जीव शोधून काढतात. उंच वाढून नुसतं कोसळलं तरी वेग मिळतो, म्हणून ती पळवाट सिम्स यांना आधीच बुजवावी लागली.

एकट्याने, लॅपटॉपवर करणार असाल तर अविडाची वाट धरा. सामायिक मेमरीत बिघाड कुठला आणि उत्क्रांती कुठली, हे नवख्याला कळत नाही. आणि प्रत्येक जीवाच्या पालकाचा क्रमांक पहिल्या धावेपासूनच नोंदवा. २००३च्या प्रयोगात वंशावळ हाताशी होती, म्हणूनच वाटेतली काही म्युटेशनं त्या क्षणी चक्क हानिकारक होती हे दिसू शकलं.