आजींसाठी टेबलावरचा छोटा रोबो: उन्हाळा ते गणपती वापरल्यावर

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, विस्मरण वाढत चाललेल्या आजींसाठी घेतलेला हा तळहातावर मावणारा, चाकांचा रोबो. उपयोग नक्की होतो, पण गप्पांसाठी नाही. मराठी त्याला कळत नाही आणि इंग्रजी आज्ञा आजींच्या लक्षात राहत नाहीत. खरा गुण आहे स्पर्शाला मिळणाऱ्या उत्तरात. पाठीवरून हात फिरला की तो डोळे मिटून बारीक कुरकुरतो. आजी पदराच्या टोकाने त्याची काच पुसतात आणि विचारतात, "झोप आली का रे?"

दिवेलागणीला जीव कासावीस होऊ लागतो, तेव्हाच तो पुढे ठेवावा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि शेजारी घरचं माणूस हवंच. त्याच्या निमित्ताने बोलणं निघतं, माहेरच्या मांजरापर्यंत जातं. एकटीपुढे ठेवून उठलं, की लगेच कंटाळा. दिवसभर समोर राहिला तर त्याचं अप्रूपही उरत नाही.

जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांच्या 'पारो' या कुशीत घ्यायच्या रोबोला सीलच्या पिल्लाचं रूप मुद्दाम दिलंय. कुत्र्या-मांजराची खऱ्याशी तुलना होते, सील कुणी पाळलेला नसतो. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला. वजन सुमारे २.७ किलो, मांडीवर तान्ह्या बाळाएवढा भार. टेबलावरच्या रोबोत तो भार नाही, त्यामुळे कुशीत घ्यायला हा कामाचा नाही.

काळ्या ग्रॅनाइटवर तो जागचा हलत नाही. पोटाखालचे इन्फ्रारेड सेन्सर परत येणाऱ्या प्रकाशावरून कड ओळखतात. काळा दगड प्रकाश शोषतो, मग त्याला सगळीकडे कडच दिसते. फिकट, बिनचमकीचा टेबलमॅट घाला. खोबरेल तेलाच्या हाताने धूळ चिकटते, चाकांच्या आसात केस गुंततात, चिमट्याने काढा. पावसाळ्यात चार्जिंगच्या पिना काळवंडतात. रोबो बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने पुसा. ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की मायक्रोफोन भलत्या आवाजांना उत्तर देतो. तेव्हा त्याचा आवाज बंद ठेवून नुसता स्पर्श चालू द्या.

वायफाय बहुधा २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. गुरुवारी वीज जात असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. घेण्याआधी मात्र इंटरनेट तोडून डोळे, आवाज, स्पर्श चालतात का, ते समोर पाहून घ्या. 'जिबो' या घरगुती रोबोचे सर्व्हर बंद झाले, २०२४ च्या डिसेंबरमध्ये मुलांच्या 'मॉक्सी' रोबोची कंपनीही बंद होत असल्याचं जाहीर झालं. सगळं सर्व्हरवर चालणारा रोबो कितीही गोड असला तरी आजींच्या हाती देऊ नका.