ओपन लूप स्क्रबर : तीन करारांनंतरचा अभिप्राय

ब्याऐंशी हजार टनी बल्क कॅरियरवर (कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर), २०१९ च्या ड्राय डॉकमध्ये बसवलेल्या ओपन लूप स्क्रबरबरोबर, म्हणजे इंजिनाचा धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन ते पाणी पुन्हा समुद्रात सोडणाऱ्या यंत्रणेबरोबर, मी चीफ इंजिनियर म्हणून तीन करार, म्हणजे सुमारे एकवीस महिने, काम केले आहे. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल पुढे लिहिले आहे तो यंत्राइतकाच ते बसवताना झालेल्या कामाचाही होता. जे जहाजमालक, सुपरिटेंडेंट किंवा नव्याने रुजू होणारे इंजिनियर अशा यंत्रणेचा विचार करत आहेत, त्यांना माहितीपत्रकात न सापडणाऱ्या काही गोष्टी येथे मिळाव्यात, हा या अभिप्रायाचा हेतू आहे.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टानुसार १ जानेवारी २०२० पासून जगभरातील जहाजांच्या इंधनात गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. त्यापूर्वी ही मर्यादा ३.५० टक्के होती. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्र या नियंत्रित क्षेत्रांत तर ती ०.१० टक्के आहे. महाग, कमी गंधकाचे तेल घेणे हा नियम पाळण्याचा सरळ मार्ग. दुसरा मार्ग असा की जुने, स्वस्त, गंधकयुक्त तेलच जाळायचे, पण धूर बाहेर सोडण्यापूर्वी धुऊन घ्यायचा. हा मार्ग आज चार हजारांहून अधिक जहाजांनी पत्करला आहे. धूर पाण्याने धुण्याची कल्पना मात्र नवीन नाही. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकातच थेम्सच्या पाण्याने धूर धुतला जात होता.

आमच्या जहाजावर धुराड्यातच उभा मनोरा आहे. मुख्य इंजिनाचा धूर खालून वर जातो, वरून समुद्राच्या पाण्याचे फवारे पडतात, आणि पाण्यातील नैसर्गिक क्षारतेमुळे सल्फर डायऑक्साइड विरघळून अखेरीस सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली येतो. पाण्याचा खप किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. प्रत्येक मेगावॅट-तासाला साधारण पंचेचाळीस टन पाणी धरले, तर सात मेगावॅटवर चालणाऱ्या आमच्या इंजिनासाठी तासाला तीनशे टनांहून अधिक आणि दिवसाला साडेसात हजार टन पाणी उपसावे लागते. त्यासाठी लागणारी सुमारे दीडशे किलोवॅट वीज जनरेटरकडून येते, म्हणजे रोज पाऊण टन तेल केवळ पंपांवर खर्च होते. इतर वेळी गुडूप झोपणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पंप बंद पडल्याचे क्षणात कळते, इतका त्यांचा घोंगावता आवाज अंगवळणी पडतो.

मूळ कामात यंत्र चोख आहे, हे मी निःसंकोच सांगतो. धुरातील सल्फर डायऑक्साइडचे पीपीएम (दहा लाख भागांतील प्रमाण) भागिले कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी हे गुणोत्तर २१.७ च्या आत राहिले, तर ते ०.५० टक्के गंधकाच्या तेलाच्या तोडीचे मानले जाते. आमच्याकडे तीन टक्के गंधकाच्या तेलावर ते बहुतेक वेळा दहाच्या खाली राहिले. नियंत्रित क्षेत्रासाठीची ४.३ ही मर्यादा मात्र पाण्याचा ओघ वाढवल्याशिवाय गाठता येत नाही.

पैशांचा हिशेब करताना मालकमंडळी बहुधा एकाच वर्षाच्या भावावर बोट ठेवतात, आणि तेथेच फसगत होते. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही तेलांच्या भावांत टनामागे तीनशे डॉलरहून अधिक फरक होता. त्याच वर्षाच्या वसंतात तेलाचे भाव कोसळल्यावर तो पन्नास-साठ डॉलरवर आला. आमचे जहाज समुद्रात रोज सुमारे एकोणतीस टन तेल जाळते. यंत्रणा बसवण्याचा पंचवीस लाख डॉलर खर्च गृहीत धरला, तर तीनशे डॉलरच्या फरकाने तो समुद्रावरच्या तीनशेहून कमी दिवसांत वसूल होतो, शंभर डॉलरच्या फरकाने साडेआठशेहून अधिक दिवस लागतात, आणि साठ डॉलरचा फरक टिकून राहिला तर जवळजवळ चार वर्षे सतत चालावे लागते. पंपांचे तेल, सुटे भाग आणि दुरुस्ती यात धरलेली नाही.

रोजच्या वापरातील खरी डोकेदुखी मनोऱ्याची नसून मापकांची आहे. बाहेर सोडलेल्या पाण्याची आम्लता, गढूळपणा आणि तेलातून येणारी पीएएच ही संयुगे सतत मोजून नोंदवावी लागतात. गढूळपणाचा मापक हवेच्या बुडबुड्यांनाही गाळ समजतो. खवळलेल्या समुद्रात, जहाज हलके असताना, त्याचा अलार्म अर्ध्या रात्री दोन-तीनदा वाजलेला मी पाहिला आहे. धुराचा नमुना आणणारी नळी सतत गरम ठेवावी लागते आणि तिची गाळणी आठवड्याला बदलावी लागते. बंदरात तपासनीस आला की तो प्रथम याच नोंदी मागतो, म्हणून एखादा तास जरी नोंद तुटली तरी कारण लिहून ठेवावे, हा धडा आम्ही लवकर शिकलो.

आता तो दोष. मनोऱ्यातून खाली येणाऱ्या पाण्याचा पीएच तीनच्या आसपास असतो, आणि ते कोमटही असते. ते पाणी फायबरच्या पाइपातून सुखरूप येते. पण जहाजाच्या पत्र्याला जोडलेला, ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हच्या (पाणी समुद्रात सोडणाऱ्या झडपेच्या) बाहेरचा हातभर लांबीचा पोलादी तुकडा आतून फक्त रंगाच्या थराने संरक्षित होता. यंत्रणा बसून तिसरे वर्ष चालू असताना, एका पहाटे बिल्ज अलार्म, म्हणजे जहाजाच्या तळाशी पाणी साचल्याचा इशारा, वाजला. आमचा फिटर गुहागरकडचा, कमी बोलणारा माणूस. टॉर्चच्या उजेडात त्याने त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला बोट लावले, तपकिरी झालेले बोट मला दाखवले आणि म्हणाला, "साहेब, रंगाखालून पाणी झिरपतंय. इथे व्हॉल्व्ह बंद करूनही उपयोग नाही." तो खरे बोलत होता. छिद्र व्हॉल्व्ह आणि समुद्र यांच्या मधल्या भागात असल्याने पाणी अडवण्याचे कोणतेही साधन उरले नव्हते. पेन्सिलीच्या टोकाएवढे ते छिद्र हलक्या हातोडीच्या दोन ठोक्यांनी अंगठ्याएवढे झाले. रबर, पट्टा आणि त्यावर सिमेंट बॉक्स (सिमेंट ओतून भरलेली चौकट) घालून आम्ही आठ दिवसांवरच्या बंदरापर्यंत कसेबसे पोहोचलो. क्लासला (जहाजाची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला) कळवणे, पाणबुड्याकडून बाहेरून झाकण लावून घेणे, जाड तुकडा बसवणे, यात जहाजाचे अकरा दिवस गेले. रंगाचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने बसवतानाच करपला असावा, असे पत्रा कापल्यावर दिसले. कोणी हे यंत्र घेणार असेल, तर मनोऱ्याच्या मिश्रधातूइतकीच चौकशी या शेवटच्या हातभर पाइपाची करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याहून मोठा आक्षेप मात्र पाइपाचा नाही. रोज जाळल्या जाणाऱ्या तेलातील सुमारे साडेआठशे किलो गंधक हवेतून निघते खरे, पण ते पाण्यातून समुद्रात जाते, आणि सोबत तेलातील जड धातू व पीएएचही जातात. खोल महासागरात ते विरळ होते. उथळ, बंदिस्त पाण्यात तसे होत नाही. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार २०१४ ते २०२२ या काळात बाल्टिक समुद्राला या पाण्यामुळे झालेल्या प्रदूषणाची किंमत ६८ कोटी युरोंहून अधिक होते. याच अभ्यासात असेही दिसले की ओपन लूप बसवलेल्या बहुतेक जहाजांचा खर्च पाच वर्षांत वसूल झाला होता. फायदा जहाजाचा आणि भार समुद्राचा, ही विभागणी मला योग्य वाटत नाही.

बंदरेही आता हे मान्य करत नाहीत. सिंगापूरने २०२० च्या पहिल्या दिवसापासून आपल्या बंदरात ओपन लूपचे पाणी सोडण्यास मनाई केली. डेन्मार्क आणि स्वीडनने १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत तेच केले. त्यामुळे ओपन लूपचे जहाज असले तरी कमी गंधकाचे तेल वेगळ्या टाकीत बाळगावेच लागते, आणि बदल करताना पाइपातील जुने तेल पूर्ण संपेपर्यंत पंप चालू ठेवावे लागतात.

दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड्स बेहून कोळसा घेऊन जयगडला येताना किनारा बराच दूर असतानाच आम्ही तेल बदलतो आणि पंप थांबवतो. कंपनीने त्या जादा खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी दोनदा कारण विचारले. मी लिहिले की त्या टापूत रात्री शंभरावर होड्या जाळी टाकून असतात आणि त्यांच्यामधून तासाला तीनशे टन आम्लपाणी सोडत जाण्याची माझी तयारी नाही. दुसऱ्या पत्रानंतर मंजुरी आली. जुन्या जहाजावर यंत्र आधीच असेल, तर ते खोल समुद्रात चालवावे आणि त्याच्या पाइपांची जाडी दर तीन महिन्यांनी मोजावी; नव्याने ओपन लूप बसवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. आमच्या जहाजाच्या पुढील ड्राय डॉकसाठी कॉस्टिक सोड्यावर चालणारी, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारी बंद फेऱ्याची जोडणी आणि गाळाची टाकी यांची मागणी मी लेखी पाठवली आहे.