पाण्याचा ताळेबंद की घरोघरची विचारपूस?

गावाला उन्हाळ्यात पाणी पुरेल का हे बघायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावासारखा पाण्याचा ताळेबंद, पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, त्यावरून रब्बीला कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ऑक्टोबरातच कळतं की यंदा कांदा नको, हरभरा घ्या.

पण ताळेबंद गावाचा असतो, घराचा नाही! विहिरीत पाणी आहे म्हणजे वस्तीवरच्या बाईच्या हंड्यात आहे असं नसतं ना. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ५ जणांच्या घराला २७५ लिटर, १५ लिटरचा हंडा धरला तर साधारण १८ हंडे, आणि दारात म्हैस असेल तर ती एकटीच उन्हाळ्यात ५०-६० लिटर पिते. हे डोक्यावर चुंभळ ठेवून आणायचं तर खेपा घालण्यात सकाळ जाते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून दुसरी पद्धत, घरोघरी जाऊन पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं वेगवेगळं विचारायचं, खेपा किती, टँकरला पैसे किती गेले, शेळी विकावी लागली का. वेळखाऊ आहे, माणसंही लागतात, पण मे महिन्यात कुणाचा संसार मोडकळीला येणार हे यातूनच दिसतं. मला विचाराल तर पीक ठरवायला ताळेबंद, पण टँकर आणि चारा आधी कुणाला द्यायचा हे ठरवायला घरोघरची यादीच हवी, आणि तीही फेब्रुवारीतच.